विहिरीतून बाहेर काढलेल्या बायका

आक्का, जिवंत होतीस तोवर मी तुला 'अहो आक्का' म्हणत आले. थोरली जाऊ, त्यातून चिकोडीकडच्या पाटलांची लेक. अगं-तुगं केलं असतं तर सासूबाईंनी उलथनं फेकून मारलं असतं. आता सासूबाई नाहीत आणि तूही नाहीस. तेव्हा आजपासून मी तुला अगं म्हणणार. राग आला तर ये भांडायला. वाटच बघतेय.

गेल्या रविवारी वाचनालयात तुझी शोकसभा झाली. ज्या वाचनालयात तुला जन्मभर पडद्याच्या पुढं येऊ दिलं नाही, तिथं मेल्यावर तुला थेट अध्यक्षांच्या टेबलावर ठेवलं. म्हणजे तुझ्या फोटोला. पण तुझा एकटीचा फोटो होता कुठे? तुम्हा दोघांचा तो एकच. भाऊजी खुर्चीवर, मांडीवर जाडजूड पुस्तक, आणि तू मागं उभी, चोरी करताना धरल्यासारखी. हार घालायची वेळ आली तेव्हा मंडळींची पंचाईत झाली. अर्ध्या फोटोला हार कसा घालायचा? घातला पुऱ्या फोटोला. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की हार नवऱ्यालाही पडलाय आणि नवरा तर समोरच पहिल्या रांगेत बसलाय. हार एका बाजूला सरकवला, तो परत घसरला. परत सरकवला, परत घसरला. आम्ही बायका नेहमीसारख्या पडद्यामागं. मी पदर तोंडात कोंबला. शेजारच्या बाईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "रडू नका, वैनी."

भाषणं झाली. एकानं तुला सोशिकतेची मूर्ती केलं, दुसऱ्यानं घरातली पणती. बेळगावहून आलेले एक वकील आर्य स्त्रीबद्दल बोलायला लागले ते थांबेनात. सीता येऊन गेली, सावित्री येऊन गेली, द्रौपदीसुद्धा डोकावली. आक्का काही आली नाही. मी वाट बघून बघून दमले.

आणि बुधवारी साप्ताहिकात भाऊजींचा लेख आला. मथळा, 'माझी छाया'. तू वाचला असतास तर बिब्बा घातला असतास. शेवटचा परिच्छेद मला पाठ झालाय, ऐक: 'दुपारची शांत वेळ होती. देवघरातील समई मंद तेवत होती. तिने थरथरत्या हातांनी माझी पाऊले धरिली, त्यांवर मस्तक ठेविले, "येते" एवढाच शब्द उच्चारिला आणि तिची प्राणज्योत मावळली.'

आक्का, तू गेलीस त्या वेळी ती पाऊले वखारीच्या माडीवर, गादीवर पालथी पडलेली होती आणि वरचं धूड घोरत होतं. आणि 'येते' म्हणे! घराबाहेर पडताना तू त्यांना कधी 'येते' म्हणाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. वहाणा पायात सरकवायचीस आणि चालू लागायचीस.

खरं सांगू? लेख वाचून मला आधी राग आला नाही. आधी वाटलं, हे कुठंतरी वाचलंय. समई, पाऊले, मस्तक, प्राणज्योत. मग आठवलं. आपण दोघींनीच वाचलंय की, घरामागं आपल्याच परड्यात बसून, एकातून एक अशा कितीतरी पुस्तकांत, शेवटच्या प्रकरणात. भाऊजींनी तुला कादंबरीतल्या बाईसारखं मारलं. जिनं जन्मभर असल्या बायकांना मरू दिलं नाही तिलाच.

तुला सगळं ठाऊक आहे, पण मला परत सांगायचंय. आता मधे बोलून माझं वाक्य तोडायला तू नाहीस, तेवढी मजा घेऊ दे.

मी बेळगावच्या खासबागेतून निपाणीला लग्न होऊन आले ती मराठी चौथी पास होऊन. त्या काळी तंबाखूवाल्यांच्या सुनांत चौथी पास म्हणजे बॅरिस्टर. तू भावाच्या पाटीवर चोरून अक्षरं गिरवलेली, शाळेचं तोंड न बघितलेली. मी आल्या आल्या तुझ्या वाचण्यातला एक शब्द सुधारला. तू मान वर करून बघितलंस आणि म्हणालीस, "आली का चौथी." तेच माझं नाव पडलं. नातवंडं झाली तरी तुझ्या तोंडी मी चौथीच.

भाऊजी वाचनालयाचे चिटणीस. स्त्रीजातीच्या उद्धाराला वाहून घेतलेला माणूस. म्हणजे सभेत वाहून घेतलेला. घरात मीठ कमी पडलं की उद्धार आमचाच. बायकांनी सभेखेरीज वाचनालयात यायचं नाही, पुस्तक निवडायचं नाही, पण बायकांनी वाचलं मात्र पाहिजे. म्हणून ते स्वतः निवडून कादंबऱ्या आणायचे. दुपारी पुरुष माणसं आडवी झाली की परड्यात तुझा पाट पडायचा. शेजारच्या चारचौघी शेवया, गहू, डाळ असलं काहीतरी घेऊन यायच्या. उंबऱ्यापलीकडं, आपल्या वखारीत तंबाखूचे देठ काढणाऱ्या बाया येऊन टेकायच्या. त्यांना आत घ्यायचं नाही असा सासूबाईंचा दंडक, आणि ऐकू द्यायचं नाही असा दंडक घालायचं त्यांना सुचलं नव्हतं. त्या उंबऱ्यापलीकडल्यांत गौरा. नवरा दारुडा, पाठीवर रोज एक नवा वळ. एक अक्षर येत नव्हतं, पण ऐकताना तिच्या भुवयासुद्धा हलायच्या नाहीत.

आणि काय ती पुस्तकं! पुण्या-मुंबईचे ते सगळे विद्वान, आणि त्यांना बाई लिहायची म्हटली की दोनच गोष्टी सुचायच्या, क्षय नाहीतर विहीर. सधन घरची असली तर क्षय, गरीब असली तर विहीर. विधवा असली तर दोन्हींतलं एक, पण आधी नवऱ्याच्या पादुका. जगात बाई भाजी निवडते, भांडते, चुकून हसतेसुद्धा, हे त्यांच्या घरात त्यांनी कधी बघितलंच नसावं. बघायला माजघरात जावं लागतं.

पण मला तेव्हा हे कुठलं कळायला! मी त्या बायकांवर जीव टाकला होता. मला क्षय हवा होता. आरशासमोर उभी राहून मी खोकायला शिकले, हळूच, रुमाल ओठाला लावून, मान डावीकडं कलती. सासूबाईंनी दोन दिवस ऐकलं आणि अडुळशाचा काढा सुरू केला. दही बंद, ताक बंद. आंब्याचा हंगाम आला तेव्हा आंबाही बंद. फिकट व्हायच्या नादात मी अशी पिवळीजर्द पडले की कावीळ म्हणून डाग द्यायची बोलणी निघाली. झोपेत 'नाथ, नाथ' असं पुटपुटायची सवय लावून घेतली होती. एकदा आमच्या ह्यांनी ऐकलं. उठून बसले आणि विचारलं, "कोन नाथा? आपल्या वखारीतला हमाल?" तेव्हापासून नाथ बंद आणि आंबा सुरू.

मग ती शालिनीची कादंबरी आली. आपल्या बायका तिला शालनच म्हणायच्या, जशी कुणा शेजारणीची पोर. नवऱ्याला संशय येतो, तो तिला घराबाहेर काढतो, ती कुणाला एक शब्द बोलत नाही आणि नवऱ्याचं भलं चिंतून विहिरीत उडी घेते. संपलं. मी आदल्या दिवशी चोरून शेवट वाचला होता, उशी भिजवली होती. दुसऱ्या दिवशी तू वाचायला बसलीस तेव्हा मी रुमाल तयार ठेवून बसले. शालिनी काठावर आली. तिनं आकाशाकडं पाहिलं. तिनं उडी टाकली. आणि तू थांबलीस. पुस्तकाकडं असं बघितलंस जसं नासक्या दुधाकडं बघतात. हळूच म्हणालीस, "साकु." तुमच्या माहेरच्या कन्नडात साकु म्हणजे पुरे. आणि मग त्याच सुरात, त्याच पुस्तकी चालीत, पुढं वाचत गेलीस, की त्या विहिरीवर मोट चालू होती. मोटकऱ्यानं मोटेचा नाडा खाली सोडला. शालननं नाडा धरला. बाहेर काढल्यावर तिनं पोटातलं पाणी ओकलं आणि भाकरी मागितली. मग ती चिकोडीला मावशीकडं गेली आणि तिनं म्हैस पाळली.

चिकोडीला! लेखक पुण्याचा, विहीर त्यानं कुठल्या तरी कल्पनेतल्या गावात खोदलेली, आणि आमच्या आक्कांनी पोरगी चिकोडीच्या मोटारीत बसवून दिली.

मी तोंड उघडणार तेवढ्यात तू माझ्या मांडीला असा चिमटा काढलास की त्याचा डाग पुढच्या अमावास्येपर्यंत होता. सगळ्या गेल्यावर मी तुझ्यावर तुटून पडले. लेखकाचा अपमान, वाङ्मयाचा अपमान, अजून कुणाकुणाचा अपमान. म्हणाले, "छापलंय ते छापलंय, आक्का. तुम्हाला बदलायचा हक्क काय?"

तू शांतपणे पाट भिंतीला लावलास. "त्येला मारायचा हक्क कुनी दिला?"

"तो लेखक आहे."

"आन् मी वाचनारी हाय. त्येनं ढकलायचं, मी काढायचं."

हे भांडण आपण त्या दिवशी सुरू केलं आणि ते कधी संपवलंच नाही. प्रत्येक पुस्तकाला तेच. मी म्हणायची, छापलंय ते छापलंय, आणि तू म्हणायचीस साकु. किती जणी तू बाहेर काढल्यास, मी मोजल्या नाहीत. एकीला तर क्षयातून उठवून तू संकेश्वरच्या बाजारात भांडी विकायला बसवलीस.

त्या कादंबरीचे लेखक पुढं वाचनालयाच्या वार्षिकाला निपाणीला आले, 'हिंदू स्त्रीचे स्थान' या विषयावर बोलायला. आमचं स्थान पडद्यामागं होतं. मी जांभळ्या काठाचं लुगडं नेसले होते, जसं काही तिकडून त्यांना दिसणारच होतं. पडद्याला टाचणीनं भोक पाडलं. त्यातून मला त्यांचं पोट दिसलं, तेवढंच. मी तासभर त्या पोटाकडं भक्तिभावानं बघत बसले. तेव्हाची मी आज भेटले तर काय करीन माहीत आहे? कान धरून वखारीत नेईन आणि देठ काढायला बसवीन.

भाषण संपलं. अध्यक्षांनी उदार होऊन विचारलं, भगिनीवर्गातून कुणाला काही शंका? कुणी विचारणार नाही याची खात्री असल्याशिवाय कुणी असं विचारत नाही. आणि पडद्याच्या पार टोकाला, दाराबाहेर बसलेल्या गौराचा आवाज आला.

"मालक, त्या शालनच्या म्हशी आता किती झाल्या?"

सभेत कुणाला काही कळेना. लेखक म्हणाले, "कोणाच्या म्हशी?"

"शालनच्या. विहिरीतनं काढली ती."

"बाई, ती गेली. तिचा मृत्यू अटळ होता. ती कलेची मागणी होती."

गौरानं खरोखरच काळजीनं विचारलं, "का वो? विहिरीला पायऱ्या न्हवत्या?"

आधी मागल्या रांगेतले हमाल हसले, मग पुढल्या रांगेतले वकील. लेखकांनी पाणी मागितलं. माझ्या भोकातून ते पोट वर-खाली होताना दिसत होतं. तू माझ्या शेजारी बसली होतीस, डोळे मिटून, देवाचं नाव घेतल्यासारखी. ओठ तेवढे थरथरत होते.

घरी आल्यावर भाऊजींनी सगळं खोदून काढलं आणि पुस्तकं बंद केली. बायकांना वाङ्मय झेपत नाही, असा निकाल दिला. मी तर मनातून खूश झाले की तुला शिक्षा झाली. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर तू पाटावर बसलेली, हातात खोकल्याच्या औषधाची जाहिरात, आणि सुरात वाचतेयस: 'प्रकरण पहिले. शालनची म्हैस व्याली.' ते संपलं तर जुनं पंचांग. पंचांगातून तू शालनला दुसरं घर बांधून दिलंस. छापील कागद हातात असला की बास, तुला कुठलाही चालायचा. भाऊजी माडीवरून बघायचे, बायका पंचांग ऐकतायत, धर्म वाढतोय, म्हणून समाधानानं कूस बदलायचे. पुढं त्यांचा राग निवला आणि पुस्तकंही परत यायला लागली.

एका सकाळी गौरा परड्याच्या दाराशी येऊन उभी राहिली. कपाळ फुटलेलं, कडेवर पोर, हातात गाठोडं. आत यायला सांगितलं तर आली नाही. तुला विचारलं, "आक्का, शालनची मावशी चिकोडीत कुठल्या गल्लीत ऱ्हाती?"

मी हसले असते. माझ्या तोंडात हसू आलंही होतं. पण मी तुझ्याकडं बघितलं आणि ते तिथंच सुकलं. लेखकानं भर सभेत सांगितलं होतं की शालिनी मेली. गौरानं दोघांचं ऐकलं होतं आणि कुणाचं खरं मानायचं ते ठरवलं होतं. तू क्षणभर तिच्या कपाळाकडं बघत राहिलीस आणि मग म्हणालीस, "बसवाच्या देवळामागं. दारात लिंबाचं झाड हाय. आक्कानं धाडलंय म्हन."

ते तुझ्या मावशीचं घर होतं. तुझी खरी, हाडामासाची मावशी, आडदांड आणि फटकळ. तिनं गौराला गोठ्यात जागा दिली आणि एक म्हैस अर्धलीनं, म्हणजे निम्मा वाटा ठरवून, सांभाळायला दिली. काही वर्षांनी गौरा स्वतःची म्हैस हाकत निपाणीला परत आली, गावाबाहेर गोठा घातला आणि आपल्याच घरी रतीब घालायला लागली. दारुडा नवरा दोनदा आला. दुसऱ्यांदा तिनं त्याला म्हशीच्या दाव्यानं बांधला आणि धार काढून झाल्यावर सोडला. हे मात्र कुठल्या पुस्तकात नव्हतं आणि तूही सांगितलं नव्हतंस. हे तिचं स्वतःचं.

आणि मी? तुला एक गोष्ट कधी बोलले नाही. दुसरीही मुलगी झाली तेव्हा घरात आमच्या ह्यांच्या दुसऱ्या लग्नाची कुजबूज सुरू झाली होती. हे गप्प होते. शहाणे पुरुष अशा वेळी गप्पच असतात. एका दुपारी मी परड्यातल्या आडाच्या काठाशी उभी होते. तेव्हा मला कुठली कादंबरी आठवत नव्हती. आत नुसतं काळं पाणी दिसत होतं. तू स्वयंपाकघरातून ओरडलीस, "चौथी, दूध उतू चाललंय, मेले, तिकडं काय बघत्यायस?" मी धावत आले. चुलीवर दूध नव्हतंच. तू काही विचारलं नाहीस, मीही काही सांगितलं नाही. त्या रात्री सासूबाईंच्या खोलीत तू काय बोललीस ते मला आजवर कळलेलं नाही. दुसऱ्या लग्नाचा विषय मात्र परत निघाला नाही. म्हणजे विहिरीतून काढलेल्यांत मीही आहे. फक्त मला पाण्यात पडायच्या आधीच काढलंस, म्हणून मला वाटत राहिलं की मी काठावरची, वेगळी, चौथी पास.

आता तुझ्या शेवटाचं. खऱ्या.

गौराची म्हैस व्यालेली. तिनं खरवसाला बोलावलेलं. आपण दोघी जेवणं आटोपून निघालो. तू गोठ्याच्या ओट्यावर, खांबाला टेकून बसलीस. लढाई संपून वर्ष झालं तरी साखर रेशनवर, म्हणून गौरानं गूळ घातला होता. आपण तेव्हा नवी कादंबरी अर्धी वाचली होती, ती मास्तरीणबाईची. नवरा दुसरी करतो आणि ही शाळेत नोकरी धरते. तू मला म्हणालीस, "चौथी, तू म्होरलं चोरून वाचलं असशीलच. काय करतोय ह्यो तिचं?"

मी म्हणाले, "मारत नाही. आता मारायची पद्धत गेली, आक्का. सुधारणा झाली. शेवटी ती नवऱ्याची क्षमा मागते आणि नोकरी सोडून घरी येते."

तू खरवसाचा तुकडा तोंडात टाकलास, चघळलास. "मंग मारल्याली बरी."

गौरा इतकी हसली की म्हैस बिचकली. मग तू म्हणालीस, "मला न्हाय आता दम निघत. ह्या बाईला तू काढ."

मी काय म्हणावं? आयुष्यभराची सवय. म्हणाले, "छापलंय ते छापलंय, आक्का."

गौरानं आणखी खरवस पुढं केला. तू हात आडवा धरलास, "साकु" म्हणालीस आणि डोळे मिटलेस. आम्हाला वाटलं, ऊन बाधलं. गौरा वारा घालायला लागली. मी पाणी आणायला उठले. परत आले तेव्हा तुझं डोकं गौराच्या मांडीवर होतं आणि तिचा हात थांबला होता.

मग वखारीतून छकडा आला. तुझ्यावर गोणपाट टाकलं आणि मागल्या दारानं तुला घरात घेतलं. तंबाखूवाल्यांची थोरली सून एका नवरा सोडलेल्या बाईच्या गोठ्यात मेली, हे कसं चालावं? समई लावली. भाऊजींना उठवून आणलं, देवघरापुढं उभं केलं, आणि मग आतून रडायला सांगितलं. गौराला निरोप गेला की तू काही बोलायचं नाहीस आणि उद्यापासून रतीब नको. तुला नेताना ती रस्त्याच्या कडेला उभी होती, बिगर दुधाची घागर काखेत घेऊन. मला दुसऱ्याच दिवशी भाऊजींनी बोलावून समज दिली, घराण्याचं नाव वगैरे. मी मान खाली घालून सगळं ऐकलं. मान खाली असली की तोंडावर काय आहे ते दिसत नाही.

काल दुपारी परड्यात सगळ्या जमल्या. तुझा पाट भिंतीला तसाच. कुणी सांगितलं नाही, पण गौराही आली आणि नेहमीच्या जागी, उंबऱ्यापलीकडं बसली. मी म्हटलं, "गौरा, आत ये." ती म्हणाली, "असू द्या, वैनी. हितनं चांगलं ऐकू येतं." त्यांना मास्तरीणबाईचं पुढलं ऐकायचं असेल म्हणून मी पुस्तक काढलं. तर एकजण म्हणाली, "ते ऱ्हाऊ द्या. आक्कांबद्दल काय छापून आलंय म्हनं. ते वाचा."

साप्ताहिक पुढच्या सोप्यात भाऊजींच्या तक्क्याशी पडलं होतं. मी जाऊन घेऊन आले. भाऊजी जागे होते. आपला लेख परड्यात वाचला जातोय म्हटल्यावर उठून मधल्या दारात येऊन उभे राहिले, हात मागं बांधून, सभेत राहतात तसे. मी तुझ्या पाटावर बसले. बसल्यावर कळलं की तो एका बाजूला डुगडुगतो. इतकी वर्षं तू सांगितलं नाहीस.

मी वाचायला लागले. सोशिकता वाचली, पणती वाचली, छाया वाचली. माझा आवाज तुझ्यापेक्षा चांगला आहे, हे तू कबूल केलं नाहीस तरी आहे. भाऊजींची मान हलत होती. शेवटचा परिच्छेद आला. 'दुपारची शांत वेळ होती.' इथवर छापलेलं. मग मी श्वास घेतला आणि त्याच सुरात पुढं गेले.

'ती आपल्या जावेसह गौरा गवळणीच्या गोठ्यात गेली होती. गौरेच्या हातचा गुळाचा खरवस तिने आवडीने खाल्ला. पुस्तकातल्या एका बाईला नवऱ्याची क्षमा मागावी लागते हे ऐकून तिला राग आला. त्या बाईला बाहेर काढण्याचे काम तिने धाकट्या जावेवर सोपविले. मग "साकु" असे म्हणून गौरेच्या ओट्यावर, गौरेच्या खांबाला टेकून तिने डोळे मिटले. मी त्या वेळी निद्रिस्त होतो.'

शेवटचं वाक्य मी जरा सावकाश वाचलं.

 मी मान वर केली नाही. पण भाऊजींचे पाय दिसत होते, ती पावलं, मस्तक ठेवलेली. ती जागच्या जागी घट्ट झाली होती. ते काय म्हणणार होते? की हे मी लिहिलेलं नाही? मग कागद हातात घेऊन, सगळ्यांच्या देखत, तुझं दुसरं मरण वाचून दाखवावं लागलं असतं, आणि ते ज्यांना वाचून दाखवायचं त्यांतली एक तुझं डोकं मांडीवर घेऊन बसलेली.

गौरानं पदरानं नाक पुसलं. मग मधल्या दाराकडं बघून, डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाली, "लई खरं लिवलंय, मालक. आमाला वाटलं हुतं, आमचं नाव गाळशीला."

एकीनं री ओढली, दुसरीनं ओढली. मालकांचा हात लई मोठा, मालकांनी काय बी लपवलं न्हाय. भाऊजींनी इतक्या सभा गाजवल्या, पण असं कौतुक त्यांच्या वाट्याला कधी आलं नसेल. ते दोनदा खाकरले. म्हणाले, "गौरा, उद्यापासनं दूध घालत जा," आणि वळले. डोळ्यात पाणी होतं. वखारीतली खाट, तंबाखूची ती तिखट धूळ, गेली असेल.

आक्का, तुझ्या त्या बाया तू ज्या विहिरीतून काढल्यास ती त्या लोकांनी मनानं खोदलेली होती. तुला काढायला मला काहीच रचावं लागलं नाही. घडलं ते वाचलं. आपलं भांडण त्यामुळं मिटलं की आणखी गुंतलं, हे मला ठरवता येत नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, चौथीला अजून कळलं नाही. मास्तरीणबाईचं मी उद्या बघते. तिला नोकरीवरून काढायची नाही एवढं ठरलंय, बाकी सुचेल तसं.

बायका उठेनात. "अजून काय छापलंय?" असं विचारायला लागल्या. मी पान उलटलं. मागं तंबाखूचे भाव होते. ते मात्र जसेच्या तसे वाचले.